मदत हवी आहे: चिलापीच्या यकृताच्या स्लाइड्स, शेवाळाचं विष की नुसती कूज?

सोलापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतोय. प्रकल्पासाठी शहराजवळच्या एका तलावातली चिलापी (तिलापिया मासा) घेतली आहे. (नाव देत नाही. तिथल्या मच्छीमारांचं पोट त्यावर आहे आणि सिद्ध काहीच झालेलं नाही.) उन्हाळ्यात पाणी आटलं की काठाला हिरवी साय धरते. सूक्ष्मदर्शकाखाली ती मायक्रोसिस्टिसच (विष तयार करू शकणारं निळं-हिरवं शेवाळ) दिसते.

विष आत कसं शिरतं ते वाचून समजलंय. या शेवाळाचं विष, मायक्रोसिस्टिन, पाण्यात विरघळणारं, त्यामुळे पेशीच्या पडद्यातून सहज जात नाही. पित्तक्षार आत घेणारी वाहक प्रथिनं त्यालाही आत घेतात, आणि ती यकृतात भरपूर, म्हणून मार यकृतालाच. आत गेल्यावर ते पीपी१ आणि पीपी२ए ही फॉस्फेट उतरवणारी विकरं बंद पाडतं. मग केराटिनच्या धाग्यांवर फॉस्फेट साचत जातो, पेशीचा सांगाडा ढासळतो, ती गोल होऊन शेजारच्या पेशीपासून सुटते.

माझ्या स्लाइड्समध्ये हेच दिसतंय. पण यातले बरेच मासे सकाळी तरंगताना मिळालेले, आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. मेलेल्या माशाचं यकृत कुजायला लागलं तरी पेशी सुट्याच होतात. शिवाय रात्री शेवाळच ऑक्सिजन संपवतं, म्हणजे मासे नुसते गुदमरूनही मेले असतील. फरक ओळखायचा कसा? एलायझा किट (विषाचं प्रमाण मोजायची चाचणी) बजेटबाहेर आहे. आणि मच्छीमार रोज विचारतात, "सर, खायला चालतील का?" त्यांना काय सांगू?

प्रतिसाद
चिलापीत स्वादुपिंडाची ऊती यकृतातच, शिरांभोवती विखुरलेली असते. तिच्यात पाचक विकरं ठासून भरलेली, त्यामुळे कूज तिथे आधी दिसते. ती शाबूत आणि यकृतपेशी मात्र सुट्या, तर कुजीवर संशय कमी. दोन्ही विरघळल्यासारख्या दिसल्या तर ती स्लाइड सोडून द्या. खरं तर तरंगते मासे नकोतच. जिवंत पकडा, लगेच यकृत काढून पातळ तुकडे करा आणि १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाका. साय नसलेल्या तलावातली चिलापीही तुलनेला हवी, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

किटची हळहळ करू नका. यकृतातलं बरंचसं विष पीपी१ आणि पीपी२ए या विकरांना पक्कं चिकटलेलं असतं, साध्या अर्कात उतरतच नाही. आकडा कमी आला म्हणजे विष कमी, असं नाही.

मच्छीमारांना सांगा: मेलेला मासा नको, साय असेपर्यंत तिथली मासेमारी थांबवलेली बरी. तरी कुणी खाणारच असेल तर यकृत आणि आतडी काढून फेकायची. उकळून हे विष जात नाही.

धागाकर्ता
स्वादुपिंडाचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच स्लाइड्स पुन्हा बघतो. तुलनेसाठी उजनीची चिलापी चालेल का, की तिथेही साय असते?