मला आधी झोप हवी

‘मधुमेह कायमचा गेला तर पहिल्या दिवशी काय कराल?’ यावर बहुतेकांनी गोडाचंच लिहिलंय. मी म्हणेन, झोप. टाइप १ मधुमेह (यात शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं) असल्यामुळे रात्री ३ वाजता घामानं चिंब होऊन जाग येते, मीटरवर रक्तातली साखर ५८ दिसते, म्हणजे फारच कमी, मग अंधारात चाचपडत १५ ग्रॅम साखर तोंडात टाकायची आणि पुन्हा टोचून बघायला १५ मिनिटं ताटकळत बसायचं. ते संपेल! बोटांवरचे काळे ठिपकेही जातील हळूहळू. पण घास उचलण्याआधी कर्बोदकं मोजायची खोड? ती काही लवकर सुटायची नाही.

बाकी टाइप २वाल्यांनो, औषधांशिवाय किमान ३ महिने एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली राहिलं तर डॉक्टर त्याला ‘रेमिशन’ (आजार मागे हटलेला) म्हणतात, ‘बरा झाला’ नाही. वर्षाची तपासणी तेव्हाही चुकत नाही.