रानभाज्यांचाही विचार व्हावा

पावसाळ्यात घाटावरून येणारी भाजी महाग होते, म्हणून खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी कांदा, बटाटा आणि कडधान्ये यांवरच भागवावे, असे म्हटले जाते; हा मुद्दा कडधान्यांपुरता मला पूर्णपणे पटतो. मोड आणलेल्या कुळथाच्या उसळीइतके स्वस्त आणि पोटभरीचे फार थोडे असते. मात्र हिरव्या भाजीवाचून पावसाळा काढण्याची वेळ कोकणात तरी येऊ नये. पहिले पाऊस पडून गेले की रत्नागिरीच्या बाजारात आसपासच्या गावांतील बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी अशा रानभाज्यांच्या जुड्या घेऊन बसतात, आणि त्या दिवसांत त्या मेथी-पालकापेक्षा सहसा स्वस्तच मिळतात.

टाकळ्याची मात्र कोवळी पानेच घ्यावीत, कारण रोप वाढले की ती निबर होतात. तेलावर लसूण, कांदा आणि हिरवी मिरची परतून त्यात बारीक चिरलेला पाला झाकण ठेवून वाफेवर शिजवावा व उतरवताना मूठभर ओले खोबरे घालावे. एकच शेगडी असलेल्या खोलीतही हे सहज जमते. ताटात वाढल्यावर लिंबू अवश्य पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. अळू घेतल्यास ते पुरते शिजवावे आणि चिंच किंवा आमसूल वगळू नये, अन्यथा घसा खवखवतो. ओळख पटल्याशिवाय रानातून स्वतः काही खुडून आणू नये; भाजी विकणाऱ्या मावशींना विचारल्यास त्या निवडण्यापासून फोडणीपर्यंत सारे आपुलकीने सांगतात.