हंगामी कामगारांचं ईएसआय

'ऑक्टोबर ते मे राबणाऱ्या पोरांचं ईएसआय (कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी) कापून उपयोग काय, त्यांच्या हाती काहीच लागत नाही' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. गोव्यात कळंगुटच्या एका हॉटेलात मी पगारपत्रक बघतो. उपचारांसाठी थांबावं लागत नाही. नोंदणी झाली की मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात जाता येतं. आजारपणातल्या पैशांना मात्र वेळ लागतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरचा हक्क मिळतो, तोही त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर. म्हणजे गेला हंगाम पुरा केलेला वेटर यंदा नोव्हेंबरात तापाने पडला, तर त्याला रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळू शकतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्याच्या पगारातून कापला जातो पाऊण टक्का, मालक भरतो सव्वातीन. गरिबाला एवढा आधार दुसरा कुठे आहे?

खरं नुकसान डिसेंबरात होतं. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे, आणि ओव्हरटाइममुळे हातातली रक्कम त्याच्या वर गेली की काही ठिकाणी नावच काढून टाकतात. हे चूक आहे. त्या मर्यादेत ओव्हरटाइम धरत नाहीत, आणि मूळ पगार मध्येच वाढला तरी सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालूच ठेवायची असते. शिवाय परत आलेल्या माणसाला दर हंगामात नवा विमा क्रमांक काढून देऊ नका, त्याचा जुनाच चालवा, नाहीतर आधीची वर्गणी त्याच्या नावाशी जुळत नाही.