मदत हवी आहे: ३१९ च्या वर ब्लॉक बसत नाही, रायगड अर्ध्यावर अडकलाय

गांधारीकाठ
नमस्कार मंडळी. माइनक्राफ्ट गेममध्ये बांधकामाच्या उंचीची मर्यादा कशी वाढवायची? ३१९ च्या वर ब्लॉक ठेवायला गेलो की लाल अक्षरं येतात आणि ब्लॉक बसत नाही. मी रायगड करतोय, खऱ्या मापात, एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. चित्त दरवाजा आणि खूबलढा बुरूज झालाय. वरचं काहीच मावत नाहीये.

दरवर्षी अंगणात मातीचा किल्ला असतो, पण यंदा पाऊस हटायचं नाव घेत नाही. रचलेली माती रात्रीत वाहून जाते. म्हणून भावंडांनी ठरवलंय की ओटीवर टीव्ही लावून त्यावर रायगड दाखवायचा. वसुबारसेपासून घरी माणसं यायला लागतील. व्हिडिओ बघून काही हाती लागलं नाही. लवकर सांगा कोणीतरी.

फणसाचा गरा
गेमच्या दोन आवृत्त्या आहेत, जावा आणि बेडरॉक. तुझी कोणती? व्हर्जन कोणतं? तुझ्या मशीनवरचं जग आहे की सर्व्हरवरचं?

गांधारीकाठ
लॅपटॉपवर खेळतो. नेहमीचंच माइनक्राफ्ट.

फणसाचा गरा
लॅपटॉपवर दोन्ही चालतात रे. गेम उघडल्यावर मोठ्या नावाखाली ‘जावा एडिशन’ लिहिलंय का बघ. खाली डाव्या कोपऱ्यात आकडा असतो, तो इथे दे. दोन्हींची पद्धत वेगळी आहे.

जुना सर्व्हरवाला
एवढं कशाला विचारताय त्याला? सर्व्हर प्रॉपर्टीज नावाची फाइल उघड. त्यात मॅक्स-बिल्ड-हाइट अशी ओळ असते. तिथे हवा तो आकडा लिही, सेव्ह कर, झालं. आम्ही कॉलेजात असताना असंच करायचो.

फणसाचा गरा
ती ओळ १.१७ पासून काढून टाकली आहे. आणि होती तेव्हासुद्धा तिने उंची २५६ च्या वर जायची नाही, खाली आणता यायची फक्त. मूळ मर्यादा १२८ होती, २०१२ मध्ये १.२ आलं तेव्हा २५६ झाली. ३० नोव्हेंबर २०२१ ला १.१८ आलं तेव्हापासून जग उणे ६४ ते ३१९ असं आहे, म्हणजे एकूण ३८४ थर. हे आकडे आता डेटा पॅकमधून (गेमचे नियम बदलणाऱ्या फाइलींचं फोल्डर) बदलतात, सर्व्हरच्या फाइलमधून नाही.

जुना सर्व्हरवाला
आमच्या सर्व्हरवर व्यवस्थित चालायचं. अनुभव आहे म्हणून सांगतोय, वाचीव माहिती नाही.

फणसाचा गरा
चालत असेल, जुन्या व्हर्जनवर २५६ पर्यंत. याला त्याच्या वर जायचंय. ३१९ वर अडतोय म्हणजे याचं जग १.१८ नंतरचं आहे हे तर नक्की.

कुरटे बेट
अरे झिला, रायगड कित्याक व्हयो? सिंधुदुर्ग बांध मरे. तटाची उंची तीस फूट, म्हणजे धा ब्लॉकात काम झाला. ३१९ तुका पुरान उरतत. तीन किलोमीटर तट, आत महाराजांचा देऊळ, भायर सगळो दर्या. १६६४ साली महाराजांनी काम सुरू केल्यानी, तीन वर्सात पुरा झाला. तू दिवाळीपर्यंत आरामात करशीत.

गांधारीकाठ
काका, सिंधुदुर्ग नक्की करेन, पण आत्ता रायगडच करायचाय. आम्ही गडाखालचे आहोत.

जावा एडिशन १.२०.१ आहे. माझ्याच लॅपटॉपवर, सर्व्हर नाही. रॅम ८ जीबी.

नकाशावाली
फाइलीत हात घालायच्या आधी एक सांग, शून्य कुठे धरलं आहेस? समुद्रसपाटीपासून मोजलास तर रायगड सुमारे ८२० मीटर. पायथ्यापासून मोजलास तर निम्माच. रोपवेने आपण सुमारे ४०० मीटर वर चढतो, यावरून अंदाज घे. आकडा किती टाकायचा ते यावर ठरेल.

गांधारीकाठ
पायथा ६४ वर धरलाय. तिथे मूळची जमीन सपाट होती म्हणून तिथूनच सुरू केलं.

नकाशावाली
म्हणजे ६४ अधिक ४००, माथा ४६४ च्या आसपास येणार. त्यावर नगारखाना, जगदीश्वराचं देऊळ, वर मोकळं आकाश. ५०० पर्यंत जागा हवीच.

हर्णैचा दर्या
मग मर्यादा कशाला वाढवायची? जग खाली उणे ६४ पर्यंत जातं ना? पायथा उणे ६० वर घे. १२४ ब्लॉक फुकटात मिळाले.

नकाशावाली
उणे ६० ते ३१९ म्हणजे ३७९ मीटर. गड ४००. टकमक टोक कापून ठेवायचं का मग?

हर्णैचा दर्या
एक ब्लॉक म्हणजे दोन मीटर धरा. दिवाळीच्या किल्ल्यात कोण माप बघतं? आमच्याकडे मावळे तटापेक्षा उंच असतात.

गांधारीकाठ
दादा, खऱ्या मापाचाच हवाय. दोन मीटरचा ब्लॉक धरला तर पायरी, दार, माणूस सगळं चुकतं. महादरवाजातून आत शिरताना मान वर करून बघावं लागतं, ते टीव्हीवरही तसंच वाटलं पाहिजे. आजी आता गड चढू शकत नाही. तिला खालपासून वरपर्यंत चालवत न्यायचंय.

फणसाचा गरा
मग मर्यादा वाढवच. नीट वाच, घाई करू नकोस.

पहिल्यांदा सेव्हज फोल्डरमधून तुझ्या जगाचं अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेव. ही कॉपी होईपर्यंत पुढचं वाचूही नकोस.

जगाच्या फोल्डरमध्ये डेटापॅक्स नावाचं फोल्डर असतं. त्यात स्वतःचं एक फोल्डर कर, नाव काहीही चालेल. त्याच्या आत पॅक डॉट एमसीमेटा ही फाइल आणि डेटा नावाचं फोल्डर. डेटामध्ये माइनक्राफ्ट, त्यात डायमेन्शन टाइप (दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर), त्यात ओव्हरवर्ल्ड डॉट जेसन. सगळी नावं लहान इंग्रजी अक्षरांत. एमसीमेटामध्ये पॅक फॉरमॅट १५ लिही, १.२०.१ ला तोच लागतो.

ओव्हरवर्ल्डची फाइल हाताने लिहू नकोस. गेमची जार फाइल सेव्हन-झिपने उघडते, त्यात हीच फाइल याच रस्त्यावर सापडेल. ती कॉपी कर. प्रत्येक व्हर्जनमध्ये तिच्यातल्या ओळी थोड्या बदलतात, म्हणून इंटरनेटवरून उचललेली दुसऱ्या व्हर्जनची चालत नाही. तिच्यातली फक्त हाइट (एकूण थर) ही ओळ बदलायची. मिन-वाय, म्हणजे सगळ्यात खालचा थर, उणे ६४ आहे ती तशीच ठेव. लॉजिकल हाइटही ३८४ राहू दे. ती पोर्टल आणि कोरस फळापुरती आहे, बांधकाम तिच्यामुळे अडत नाही.

नंतर जग बंद करून पुन्हा उघड. रीलोडच्या कमांडने हा बदल लागू होत नाही.

मुक्तस्रोत
या सगळ्या उठाठेवीपेक्षा लुआंटी घे, असाच ब्लॉकांचा गेम आहे. आधी मिनटेस्ट म्हणायचे, ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदललं. फुकट, मुक्त, आणि उंची वर साधारण ३१,००० ब्लॉक, खालीही तेवढीच. रायगड काय, हिमालय बांध.

जुना सर्व्हरवाला
दिवाळी तोंडावर आलीय आणि तुम्ही पोराला घर बदलायला सांगताय. त्याने केलेलं काम तिकडे कोण वाहून नेणार?

मुक्तस्रोत
एकदा शिकला की आयुष्यभर कुठल्याच कंपनीच्या मर्यादेत राहावं लागणार नाही. मी त्याच्या भल्याचंच सांगतोय.

गांधारीकाठ
गरा दादा, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. हाइटमध्ये १००० टाकले, म्हणजे परत अडायला नको. आता जग उघडतच नाहीये, सेफ मोडमध्ये उघडू का विचारतंय. काय करू?

नकाशावाली
सेफ मोड नको, मागे फिर. १००० ला १६ ने भागून बघ.

फणसाचा गरा
ताईंनी बरोबर पकडलं. मिन-वाय आणि हाइट दोन्ही १६ च्या पटीतच लागतात, कारण गेम जग १६ ब्लॉक उंचीच्या डब्यांत साठवतो. अर्धा डबा त्याला कळत नाही. ५७६ टाक. उणे ६४ पासून ५७६ थर म्हणजे शेवटचा ब्लॉक ५११ वर.

हर्णैचा दर्या
थेट ४०६४ टाकायचा की. तेवढी कमाल चालते.

फणसाचा गरा
चालते, पण त्यासाठी मिन-वायही उणे २०३२ करावी लागते. मग माथा २०३१ वर जातो आणि प्रत्येक चंकमध्ये (जगाचा १६ बाय १६ चा उभा तुकडा) २४ ऐवजी २५४ डबे होतात. ८ जीबीच्या लॅपटॉपवर आजीला गड दाखवायचाय, लॅपटॉपचा आवाज ऐकवायचा नाहीये. ५७६ मध्ये ३६ डबे. पुरे.

हर्णैचा दर्या
रिकाम्या डब्यांना कितीशी जागा लागते? उगाच घाबरवता.

फणसाचा गरा
रिकामा डबा हलकाच असतो, मान्य. पण प्रकाशाचा हिशेब आणि चंक उघडणं-मिटणं वाढतंच. लागत नाही ती उंची घ्यायची कशाला?

कुरटे बेट
सिंधुदुर्गाक ह्या कायच लागला नसता.

गांधारीकाठ
५७६ ने जग उघडलं! पण मर्यादा अजून ३१९ च आहे.

फणसाचा गरा
आधी १००० ला अडला होता, म्हणजे तेव्हा पॅक वाचला जात होता. मधे फोल्डर हलवलंस का? झिप केलंस का? डेटापॅक लिस्ट अशी कमांड दे आणि तुझ्या पॅकचं नाव दिसतंय का सांग.

गांधारीकाठ
नाव नाहीये यादीत. हो, भावाला पाठवायला झिप केला होता, आता झिपच ठेवलीय तिथे.

फणसाचा गरा
झिप उघडल्या उघडल्या एमसीमेटा दिसली पाहिजे. तुझ्यात आधी फोल्डर दिसत असेल आणि त्याच्या पोटात फाइल. तसं असेल तर गेम पॅक ओळखत नाही. झिप काढून साधं फोल्डर ठेव. आणि भावाकडे विंडोज असेल तर फाइलच्या नावापुढे डॉट टीएक्सटी चिकटलेलं नाही ना ते बघायला सांग, ते लपलेलं असतं.

गांधारीकाठ
३२० वर ब्लॉक बसला!!! खूप खूप आभार दादा, ताई, सगळ्यांचे. ढग पण मस्त दिसतायत, डोंगराच्या कमरेला.

नकाशावाली
१.१८ पासून ढग १९२ च्या उंचीवर असतात. तुझा माथा ४६४ वर, त्यामुळे गड ढगांच्या वर येणार. पावसाळ्यात गडावरून असंच दिसतं. राहू दे तसेच.

आता डोंगराबद्दल. डेटा पॅकने फक्त बांधायची मुभा वाढते, गेम स्वतःहून उंच डोंगर घडवत नाही. चारशे मीटर हाताने रचणार आहेस का?

गांधारीकाठ
फिल कमांडने थर टाकतोय. दुसरा मार्ग आहे?

नकाशावाली
आहे. वर्ल्डपेंटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर उंचीच्या नकाशावरून जमीन तयार करतं, आणि वरची मर्यादा वाढवली तर त्याला लागणारा डेटा पॅकही सोबत देतं. उंचीची माहिती नासाच्या फेब्रुवारी २००० मधल्या शटल मोहिमेची मिळते, फुकट. ते चित्र १६ बिटचं घे. ८ बिटच्या चित्रात उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या बसतात, त्यामुळे अख्खा डोंगर शेतीच्या मेरांसारखा दिसायला लागतो.

पण एक गोष्ट आधीच सांगते, कारण तू माप जपणारा दिसतोस. त्या माहितीत दर ३० मीटरला एक मोजमाप आहे. गडाचे कडे जवळजवळ उभे आहेत. ३० मीटरच्या दोन बिंदूंमध्ये कडा सरळ सुटला तरी सॉफ्टवेअर तिथे उतार काढणार. टकमक टोक घसरगुंडी होईल, आणि हिरकणी उतरली तो कडा कोणीही चालत उतरेल असा दिसेल. डोंगराचा ढोबळ आकार यातून घे, कडे मात्र हाताने तास. तुझ्याकडे गडाचे स्वतः काढलेले फोटो असतीलच, तेच समोर ठेव.

हर्णैचा दर्या
कड्याला गेममधला बसाल्ट वापर, सह्याद्री बसाल्टचाच आहे.

नकाशावाली
त्या ब्लॉकवर रेघा उभ्या असतात. सह्याद्रीत लाव्हाचे थर आडवे आहेत, एकावर एक. बसाल्टचा ब्लॉक आडवा ठेवलास तर चालेल, नाहीतर डीपस्लेट, टफ आणि अँडेसाइटचे पट्टे घे. मधेच गवताची एक अरुंद पट्टी सोड, पावसानंतर कड्यावर असते तशी.

जुना सर्व्हरवाला
तटाला जांभा वापरायचा ना, लाल टेराकोटा?

कुरटे बेट
जांभो आमच्या बाजूक. रायगडार काळो दगड आसा.

गांधारीकाठ
काळाच दगड वापरतोय काका. नवीन जग वर्ल्डपेंटरने करतो आणि चित्त दरवाजा, खूबलढा तिकडे नेतो. स्ट्रक्चर ब्लॉकने (बांधकाम साठवून दुसरीकडे ठेवणारा ब्लॉक) नेता येईल ना?

आणि मुंबईचा भाऊ फोनवर खेळतो, त्याला हेच जग उघडता येईल का?

फणसाचा गरा
स्ट्रक्चर ब्लॉक एका वेळी ४८ बाय ४८ बाय ४८ घेतो. बुरूज मावेल, दरवाजाचे दोन तुकडे करावे लागतील कदाचित.

फोनवर बेडरॉक असतं, तिथे जावाचं जग तसंच उघडत नाही आणि हा डेटा पॅकही चालत नाही. तिकडे डेटा पॅकच्या जागी बिहेवियर पॅक लागतो आणि वर ५१२ च्या पुढे जाता येत नाही. तुझा माथा त्यात बसतो खरा, पण जग रूपांतरित करणं हे वेगळं काम आहे. त्याला दिवाळीत गावाला येऊ दे.

जाता जाता: हा पॅक आता कधीही काढू नकोस. पॅक न लावता जग उघडलंस तर ३१९ च्या वरचं सगळं बांधकाम जाईल. भावाला जगाचं फोल्डर दिलंस तर पॅक त्याच्या आत आहे ना ते बघूनच दे.