लीजपेक्षा पंपाचं डिझेल आधी विचारा

अमेरिकेतल्या आर्कान्सात बदकांच्या शिकारीसाठी भातखाचरांची लीज (भाडेकरार) परवडेनाशी झालीय, मग सार्वजनिक जागा बघाव्यात का, असं एकानं विचारलंय. लीज घ्यायचीच तर पाणी कोणत्या तारखेपर्यंत भरणार, पंपाचं डिझेल आणि फुटलेल्या बांधाची दुरुस्ती कुणाकडे, हे करारात लिहून घ्या. मॅलार्ड जातीच्या बदकांना ६ ते १० इंच पाणी पुरतं, पण तेवढंही नसेल तर खाचर कोरडं आणि पैसे पाण्यात!

नाहीतर डाकोटा-मिनेसोटातले वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया (पाणपक्ष्यांच्या विणीसाठी राखलेल्या सरकारी जागा) बघा. बऱ्याचशा डक स्टॅम्पच्या (शिकाऱ्यांनी घ्यायचं सरकारी तिकीट, सध्या २५ डॉलर) पैशातून घेतलेल्या या जागा, बंदीची पाटी नसेल तर, शिकारीला खुल्या असतात. शिशाची काडतुसं मात्र जवळसुद्धा बाळगू नका, आणि डिकॉय (बदकांना भुलवायला ठेवलेली नकली बदकं) रोज उचलून न्या.