कॅथलिकांचा शुक्रवार: उपास म्हणावं की वार?

तिरफळ :
वेंगुर्ल्यात आमच्या शेजारी एक कॅथलिक कुटुंब आहे. येणंजाणं भरपूर. परवा शुक्रवारी मटणाची वाटी घेऊन गेले, तर शेजारीणबाई म्हणाल्या, "आज नको गो, माजो उपास आसा." आणि मागे बांगड्याचं तिखलं रटरटत होतं, वास थेट ओटीपर्यंत! राग वगैरे काही नाही, पण तेव्हापासून शब्द डोक्यात घोळतोय. आपल्याकडे उपास म्हटला की वरी, साबुदाणा, रताळं. मासे खाऊन केलेल्या उपासाला मराठीत उपास म्हणता येईल का?

शब्दवेल्हाळ :
नाही. मराठीत मासे मांसाहारातच मोडतात. 'मांसवर्ज्य' म्हणायलाही जागा नाही, कारण बांगडा काही भाजी नव्हे.

खाडीपल्याड :
मी वसईचा कॅथलिक, त्यामुळे जरा लांबण लावतो.

घोळ असा आहे की आमच्यात नियम दोन आहेत आणि बोलताना दोन्हींना आपण एकच शब्द लावतो. पहिला नियम कमी जेवायचा. तो वर्षातून दोनच दिवस सक्तीचा, राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, आणि वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. एक वेळ पोटभर जेवायचं. बाकी दोनदा थोडंसं खाल्लं तर चालतं, पण ते दोन्ही मिळून एक जेवण होता कामा नये. आपल्या एकभुक्ताचा हा जवळचा भाऊ. दुसरा नियम मांस सोडायचा. तो १४ वर्षांपासून पुढे, आणि शुक्रवारचा, कारण येशू क्रुसावर गेला तो वार शुक्रवार. या नियमात मांस म्हणजे पशुपक्ष्यांचं मांस. मासे, अंडी, दूध त्यात धरलेलं नाही. म्हणजे तुमच्या शेजारणीने नियम तंतोतंत पाळला!

खरं तर नियम वर्षभराच्या शुक्रवारांचा आहे. पण पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये बरीच मोकळीक दिली. त्या त्या देशाच्या बिशपांना मांस सोडण्याऐवजी प्रार्थना किंवा दानधर्म असा पर्याय ठेवता येतो. आमच्याकडे उपवासकाळातले शुक्रवार मात्र घरोघर पाळतात. (राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलेत तर ४६ दिवस भरतात. मधले सहा रविवार उपासाचे धरत नाहीत, म्हणून चाळीस.)

आता शब्द. माझ्या मते शुक्रवारच्या या पाळण्याला 'वार' हाच मराठी शब्द शोभतो. कोकणातला माणूस सोमवारी मासळीला शिवत नाही, पण भात पोटभर चेपतो आणि सांगतो, "आज माझा वार." तो स्वतःला उपाशी म्हणवत नाही. आमचा शुक्रवार त्याच जातीचा. उपास म्हणायचं ते फक्त त्या दोन दिवसांना.

जाता जाता एक बोचणारी गोष्ट. किनाऱ्यावर 'मांस नको, मासे चालतील' ही सवलत फारच सोयीची पडते. शुक्रवारी कोंबडी सोडून तिच्या दुप्पट पैशांचं पापलेट तळलं तर नियम मोडत नाही, पण मग 'एकादशी नि दुप्पट खाशी' म्हणून एकादशीवाल्यांना हसायचा हक्क आपल्याला उरत नाही. आमच्या आळीतल्या जुन्या बायका त्या दिवशी डाळ नाहीतर सुके बोंबील करतात. वाचलेले पैसे एका डब्यात पडतात, आणि ईस्टरआधी तो डबा गरजू घरासाठी देवळात जातो. (हो, आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो.) मला विचाराल तर उपास तो.

देवबागकर :
मीपण कॅथलिक, मालवणकडचा. आमच्याकडे वार बीर कोणी म्हणत नाही, पिढ्यान्‌पिढ्या उपासच म्हणतात. गोव्याकडचे नातेवाईक या चाळीस दिवसांना पोर्तुगीजवरून आलेलं 'कोरेज्म' म्हणतात, पण शुक्रवारी मटण नाकारताना त्यांच्याही तोंडी उपासच येतो. शिवाय उपवास म्हणजे मुळात उप अधिक वस्, जवळ राहणे. देवाजवळ. त्यात साबुदाणा कुठे आला?

शब्दवेल्हाळ :
व्युत्पत्ती बरोबर, निष्कर्ष लंगडा. 'जवळ राहणे' एवढ्यावर भागत असतं तर देवळात बसून वडापाव खाणाराही उपासकरी ठरेल. 'उपाशी' हा शब्द 'उपवासी'वरूनच आलाय, म्हणजे रिकाम्या पोटाचा संबंध फार जुना आहे. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर हा मुद्दा मान्य. एका समाजात शब्द रुळला की बाहेरच्याने तो खोडायचा नसतो. माझं वरचं 'नाही' मागे घेतो.

खाडीपल्याड :
'उपाशी'वरून आठवलं. मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घेण्याआधी तासभर काही खायचं नाही, पाणी आणि औषध चालतं. १९५३ च्या आधी तर मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा वर्ज्य असायचं. म्हातारी माणसं अजून "मिस्साला उपाशी जायचं" असंच म्हणतात, त्याला उपास म्हणत नाहीत. म्हणजे बोलीने हा भेद तरी नीट राखलाय.

देवबागकर, तुमचा उपास तुम्हाला लखलाभ! पण येशूने सांगितलंय की उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. त्या हिशेबाने "माजो वार आसा" हे जरा कमी गाजावाजाचं वाटतं मला.

देवबागकर :
लोकांना कळू द्यायचं नाही, तर मटणाची वाटी परत करताना सांगायचं काय? दात दुखतोय?

तिरफळ :
मग पुढच्या शुक्रवारी अंड्यांची आमटी नेली तर?

खाडीपल्याड :
खुशाल न्या. मोठा सण शुक्रवारी आला तर मटणही चालतं. २०२२ साली २५ मार्चला मरियेला देवदूताने संदेश दिल्याचा सण शुक्रवारी आला होता, त्या दिवशी बंधन नव्हतं. फक्त गुड फ्रायडेला वाटी पाठवू नका. एकदाच जेवायचं, आणि नेमकं जेवण उरकल्यावर तुमची आमटी दारात आली की त्यांची पंचाईत.