मदत हवी आहे: मंगळाएवढा ग्रह आदळला तर गिल्बर्ट हिल वितळेल का?

नमस्कार मंडळी,

लेक नववीत आहे. विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्याने मंगळाएवढा ग्रह पृथ्वीवर आपटलाय, तोही मुंबईच्या बरोबर पाठीमागे, पॅसिफिकमध्ये. नायक अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या चढून वरच्या देवळात बसतो आणि वाचतो! "बाबा, बेसॉल्ट आहे तो, साडेसहा कोटी वर्षं उभा आहे."

मला पटेना. त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. एक किलो खडक ३० अंशांवरून १२०० अंशांपर्यंत तापवून वितळवायला साधारण १६ लाख जूल लागतात. सेकंदाला १० किमी वेगाने येणाऱ्या एक किलो दगडात असतात ५ कोटी जूल. म्हणजे किलोभर दगडात तीस किलो खडक वितळला. आणि पृथ्वी मंगळाच्या जेमतेम नऊ-दहा पट जड. मग कवचच काय, अख्खी पृथ्वीच वितळायला हवी! उत्तर इतकं सरळ आलं की मला माझीच शंका येते (दहावीला विज्ञानात काठावर होतो). कुठे चुकतंय? परवा कथा द्यायची आहे.

प्रतिसाद १
गुणाकार ठीक आहे, पण उष्णता सगळीकडे सारखी वाटली जात नाही. आदळलेल्या बाजूला खडकाची वाफ होईल. पलीकडे खोलवरचं प्रावरण (कवचाखालचा जाड थर) बरंचसं घन राहू शकतं, कारण खाली दाबामुळे द्रवणांकही चढतो. कवचाची मात्र सुटका नाही. खंडांखाली ३०-४० किमी, समुद्राखाली ७-८. पृथ्वीची कैरी केली तर सालीहून पातळ. वरून वितळलेला मलबा परत कोसळणार, आकाशात खडकाची सुमारे २००० अंशांची वाफ. तुमची टेकडी लाव्हातून आली, लाव्हातच जाईल. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी थिया नावाचा असाच एक ग्रह आदळून चंद्र झाला असं मानतात, तेव्हा पृष्ठभागाची हीच गत झाली असणार.

धागाकर्ता
धन्यवाद! लेक रुसून बसलाय. गोळा केवढा घेतला तर देऊळ वाचेल?

प्रतिसाद २
१० किमीचा घ्या. डायनोसॉर संपले तेव्हा साधारण तेवढाच पडला होता. मेक्सिकोत १८० किमीचं विवर झालं, तिथला खडक वितळला, बाकी कवच शाबूत. दख्खनचा बेसॉल्टही त्याच सुमाराचा, तो काही वितळला नाही. फक्त नायकाला मोठा डबा भरून न्यायला सांगा, पुढे कित्येक महिने ऊन नाही.